न आलेले अठ्ठावीस रोगी

तापाची साथ आली तेव्हा राजवैद्य त्र्यंबकशास्त्री दरबारात गरजले, "माझी मात्रा चाळीस जणांनी घेतली. परत भेटायला आले ते बाराही ठणठणीत! या मैनाबाई वैदूच्या चाळिसांत दहा आजारीच राहिले. तिचा काढा बंद करा."

राजाने हुकमासाठी लेखणी उचलली.

मैनाबाई म्हणाली, "महाराज, मी घरोघरी जाऊन माझे चाळीसही रोगी पाहिले. पैलतीरी पोचलेल्यांनाच विचारलं, तर नदीत कधी कुणी बुडतच नाही!"

राजाने शास्त्रीबुवांच्या उरलेल्या अठ्ठाविसांकडे स्वार धाडले. पंचवीस जण अजून तापाने फणफणत होते.

राजाने लेखणी खाली ठेवली. मैनाबाई काढ्याची घागर उचलून त्या पंचवीस घरांकडे निघाली.