किल्लेदाराची शाब्बासकी

फार पूर्वी एका उंच गडावर एक किल्लेदार राहत होता. त्याने कुत्र्याचे एक पिल्लू पाळले होते. वासराएवढे वाढेल अशा जातीचे.

गडाखालच्या गावांतले लोक तक्रारी घेऊन वर येत, सदरेच्या पायरीशी वहाणा काढत आणि मान खाली घालून उभे राहत. एक दिवस पिल्लाने एका म्हाताऱ्याची वहाण पळवली आणि चावून तिचे तुकडे केले. म्हातारा वाकून तुकडे गोळा करू लागला. किल्लेदार मात्र पोट धरून हसला. "शाब्बास!" म्हणत त्याने पिल्लाची पाठ थोपटली. किल्लेदार हसला म्हणून शिपाईही हसले.

पिल्लू हुशार होते. ते एवढेच शिकले, की चावले म्हणजे धनी खूश होतो.

मग रोज कुणाची तरी वहाण जाऊ लागली. हळूहळू लोक अनवाणीच गड चढून येऊ लागले. किल्लेदाराला वाटले, आपला दरारा वाढला.

पायरीवर वहाणा मिळेनात, तेव्हा कुत्रा घराकडे वळला. आता तो खरोखरच वासराएवढा झाला होता. दिवसभर साखळीला बांधलेला असे. सुटला की लोड फाडी, पलंगाचे पाय कुरतडी, खोगिराचे पट्टे तोडी. आता शाब्बासकी मिळत नव्हती, काठी मिळत होती. काम तेच, मग धनी का बदलला, हे कुत्र्याला कळेना.

एकदा राजाची स्वारी गडाखालच्या गावात यायची होती. सकाळी किल्लेदार जोडे घालायला गेला, तर राजाने दिलेल्या मानाच्या जोड्यांचा चोथा झालेला. बाकीचे जोडे आधीच फस्त झाले होते.

"याचा कडेलोट करा!" किल्लेदार गरजला.

शिपाई साखळी ओढत निघाले. कुत्रा शेपटी हलवत त्यांच्यामागे चालू लागला. त्याला वाटले, फिरायला नेताहेत. किल्लेदारीण दारात आडवी उभी राहिली.

"अहो, कडेलोट नक्की कुणाचा करायचा? ज्याने फाडलं त्याचा, की ज्याने शाब्बास म्हटलं त्याचा?"

"जोडे मी फाडले का?"

"लोकांच्या वहाणा फाटत होत्या, तोवर कुत्रा गुणी होता. तुमचे जोडे फाटले आणि लगेच गुन्हेगार झाला?"

किल्लेदाराला उशीर होत होता. "आल्यावर बघतो," असे पुटपुटून तो अनवाणीच निघाला. वाट इतकी उभी होती, की ना घोड्यावर बसून उतरता येई, ना पालखीत.

अर्धा गड उतरेपर्यंत तळपाय सोलून निघाले. घामाने भिजलेले पागोटे काखेत मारून तो लंगडत होता. समोरून एक धनगरीण वर येत होती, तीही अनवाणी. सदरेवर मान वर करून कुणी पाहत नसे, त्यामुळे तिला त्याचा चेहरा ठाऊक नव्हता. ती त्याला गडावरचा कुणी शिपाई समजली.

"काय रे बाबा, तुझेपण खाल्ले का त्याने?"

"कुणी?"

"किल्लेदाराच्या कुत्र्याने, दुसरं कोण! मागे माझ्या वहाणा फाडल्या. घरी पोचेपर्यंत पायात काटेच काटे. तेव्हापासून आम्ही सगळे असेच येतो."

"मला वाटलं, किल्लेदाराला मान देण्यासाठी अनवाणी येता."

धनगरीण इतकी हसली, की तिला दगडावर बसावे लागले. "मान? मान द्यायला कुणी पाय फोडून घेतं का? शिपायांनी माझी शेळी ओढून नेली म्हणून आले होते. शेळी तर मिळाली नाहीच, वहाणा तेवढ्या गेल्या."

त्या दिवशी किल्लेदार राजासमोर पावले झाकून बसला. गडावर परतल्यावर त्याने कुत्र्याची साखळी सोडायला सांगितली.

पण खोड लावणे सोपे होते, मोडणे नव्हते. कुत्र्याने काही उचलले, की किल्लेदार ओरडत मागे धावे. "तुम्ही धावता, त्याला वाटतं खेळ सुरू झाला," किल्लेदारीण म्हणाली. मग तो धावायचा थांबला. चावायच्या वस्तू उंचावर गेल्या. जंगलात गळून पडलेले सांबराचे शिंग कुत्र्याला मिळाले. रोज सकाळी किल्लेदार त्याला गडाला फेरी मारायला नेऊ लागला. कुत्र्याने चुकून काही तोंडात धरले, तर शांतपणे शिंग पुढे करायचे आणि वस्तू सोडली की शाब्बास म्हणायचे. मध्येच एक तक्क्या गेला, एक चाबूक गेला. काठी मात्र पुन्हा निघाली नाही. पावसाळा सरला, थंडी आली.

मग किल्लेदाराने धनगरणीला निरोप पाठवला, की वहाणा घालून ये. शेळीचे काय झाले, हे विचारायला त्याला अजून सुचले नव्हते.

ती आली आणि पायरीशी वहाणा काढून मान खाली घालून उभी राहिली. कुत्रा उठला. त्याने वास घेतला, एक वहाण तोंडात धरली आणि धन्याकडे पाहिले. शिपायांना जुनी मजा आठवली, ते हसू लागले. आज किल्लेदार हसला असता, तर सगळे मुसळ केरात गेले असते.

किल्लेदार हसला नाही. त्याने शिंग पुढे केले. कुत्रा घुटमळला, वहाण पायरीवर ठेवून शिंगाकडे आला.

"शाब्बास," किल्लेदार म्हणाला.

तो आवाज ऐकून धनगरणीने चमकून मान वर केली. "अगं बाई, तू होय!" मग जीभ चावून म्हणाली, "कुत्रं सुधारलं, सरकार. आता माझ्या शेळीचं बोला. ती ओढून आणली, तेव्हा शिपायांना शाब्बास कोण म्हणालं होतं?"

किल्लेदाराला त्या शेळीचे मटण आठवले, आणि ते खाताना आपणच म्हटलेले शाब्बासही. शिपाई त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. मघाशी कुत्र्याने पाहिले होते, अगदी तसेच.

दुपारी धनगरीण गड उतरली, तेव्हा तिच्या पायात वहाणा होत्या आणि दोरीला किल्लेदाराच्या गोठ्यातली गाभण शेळी होती.

तात्पर्य: कुत्र्यावर काठी उगारण्याआधी एवढे विचारावे, की तो पहिल्यांदा चावला, तेव्हा हसले कोण होते?