पडली, पण कोणी पाहिली नाही

फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर एका गावात ज्यू तेली राहत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले होते. उरला तो शनिवार आणि एक तोंडपाठ प्रार्थना. तेवढ्यावर त्यांनी पिढ्या काढल्या.

एका सकाळी बनाजी तेली घाण्यात तीळ टाकत असताना बातमी आली. कोचीनहून तोरा येतेय! तोरा म्हणजे देवाने दिलेले नियम, चामड्याच्या लांब गुंडाळीवर हाताने लिहिलेले. बनाजी बैलाला थांबवायचं विसरून धावत सुटला.

"गलबतावरून प्रार्थनाघरात तोरा मीच नेणार!"

"तुम्हांला तुमचं पोट नेता येत नाही, तोरा कुठली नेता?" बायको रिबकाबाई म्हणाली.

पण बनाजीने हट्ट सोडला नाही. तो दिवस उजाडला. गाणी म्हणत मिरवणूक निघाली. प्रार्थनाघराशेजारी मांडवात नारळाच्या दुधातली मासळीची आमटी रटरटत होती. वासाने बनाजीची मान तिकडे वळली, पाय उंबऱ्याला अडकला आणि तोरा धपकन खाली!

गाणी थांबली. तोरेबरोबर आलेले हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे गुरुजी, पुढे झाले. त्यांनी तोरा उचलली, तिच्या वस्त्रावर ओठ टेकले.

"रीत अशी आहे, की तोरा पडताना ज्यांनी पाहिली त्यांनी सूर्य मावळेपर्यंत उपास करायचा. कोणी पाहिली?"

"माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती," एक जण म्हणाला.

"मी कावळा बघत होतो."

"मी बनाजीच्या मागे होतो. त्याच्यामागून काय दिसणार?"

"मी आमटी ढवळत होते," रिबकाबाई म्हणाली. तिच्या हातात फुलांची परडी होती.

हजानांनी मान डोलावली. "म्हणजे तोरा गावात आलेली कोणीच पाहिली नाही. मग जेवण तरी कशाचं? मी हिला परत गलबतावर ठेवतो."

ते खरंच किनाऱ्याकडे निघाले. बनाजी बघत राहिला. मागे तोरा समुद्राने नेली होती. आता पोटापायी जात होती.

"हजानसाहेब, थांबा!" तो ओरडला. "मी पाहिली. माझ्याच हातून पडली. लक्ष आमटीत होतं."

मग मागून आवाज आला, "मीपण पाहिली. कावळा नव्हताच."

एकेक करत सगळ्यांनीच पाहिली होती.

हजान मागे फिरले. आता सगळ्यांनाच उपास, म्हणून जेवायला कोळीवाड्यातल्या शेजाऱ्यांना बोलावलं. "आमटी फर्मास झालीय हो, बनाजीशेट!" ते येऊन येऊन सांगत होते. आत हजान तोरा वाचून अर्थ सांगत होते. पोट रिकामं असल्यामुळे पेंग कोणालाच आली नाही. वाडवडिलांनी न ऐकलेले शब्द सगळ्यांनी कान देऊन ऐकले.

त्या नादात, तोरा पाडली म्हणून बनाजीला रागवायचं मात्र राहूनच गेलं.

तात्पर्य: हातून पडलेलं उचलता येतं, पण त्याआधी ते पडलं, असं म्हणावं लागतं.