कोकाकचं पान

समुद्रापलीकडे एक देश आहे, फिलिपिन्स. तिथल्या एका गावात भात कापून झालं. झोडून झालं. उद्या सण. ज्यांनी भात दिलं, त्यांचे आभार मानायचा सण.

इस्यांगमावशीची धांदल. तिनं पानं तोडली. पानांवर तांदळाचं पीठ लिंपलं. लाल, पिवळं, हिरवं. वाफवलं. झाले पानांचे पापड! खिडकीत टांगायला.

त्यातलं एक पान होतं कोकाकचं. कोकाक म्हणजे बेडकाचं पिल्लू. एवढुस्सं! ते त्या पानाखाली लपायचं. पान गेलं, आणि कोकाक बगळ्याला दिसलं. आता काय!

टुणुक टुणुक कोकाक मावशीकडे. मागून बगळा, ढांग ढांग.
"मावशी मावशी, पान दे ना!"
"पापड वाळू दे, पान सुटू दे. मग देते."

टुणुक टुणुक कोकाक पापडाकडे. मागून बगळा, ढांग ढांग.
"पापडा पापडा, वाळ ना! मावशी पान देईना!"
"ऊन पडू दे. मग वाळतो."

टुणुक टुणुक कोकाक उन्हाकडे. ऊन राहतं कुठे, ते त्यालाच ठाऊक. मागून बगळा, ढांग ढांग.
"उन्हा उन्हा, पड ना! पापड वाळेना, मावशी पान देईना!"
"ढग हटू दे. मग पडतं."

टुणुक टुणुक कोकाक ढगाकडे. मागून बगळा, ढांग ढांग.
"ढगा ढगा, हट ना! ऊन पडेना, पापड वाळेना, मावशी पान देईना!"
"वारा उठू दे. मग हटतो."

टुणुक टुणुक कोकाक वाऱ्याकडे. मागून बगळा, ढांग ढांग. वारा बांबूच्या बनात लोळत होता. गाल फुगवून.
"वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना! ढग हटेना, ऊन पडेना, पापड वाळेना, मावशी पान देईना!"
"नाही उठत, जा! भातातली फोलपटं उडवली कुणी? मी! आणि आभार कुणाचे? पावसाचे. रेड्याचे. त्या विळ्याचेसुद्धा! मावशीनं माझं नाव घेऊ दे. मग उठतो."

टुणुक टुणुक कोकाक परत मावशीकडे. बगळा अगदी जवळ, ढांग ढांग.
"मावशी मावशी, वाऱ्याचं नाव घे ना! वारा उठेना, ढग हटेना, ऊन पडेना, पापड वाळेना, तू पान देईनास!"
"अगं बाई! वारा राहिलाच की!"
मावशीनं ओठ गोल केले. शीळ घातली. तिथे वाऱ्याला अशीच हाक मारतात.
"वारेदादा, तू होतास म्हणून भात स्वच्छ झालं. आभारी आहे हो!"

वारा उठला, भिर्रर्र! ढग हटला. ऊन पडलं. पापड वाळला, कुर्रर्र. मावशीनं सोलला, चर्रर्र. पान सुटलं.

बगळ्यानं चोच उघडली. मावशीनं पान टाकलं कोकाकवर. झप्प!

बगळ्यानं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. बसला हात चोळत. बगळ्याला हात नसतात, ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सण झाला. मावशीनं मोठ्यानं नावं घेतली. पावसाचं. रेड्याचं. विळ्याचं. वाऱ्याचं. आणि मग कोकाकचं.

पानाखालून आवाज आला, "डराँव!"