बैलाचा खांदा

फार फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर एक पेठ होती. तिथल्या सावकारीण अक्का एका सकाळी अंगणात कुळीथ पाखडत बसल्या होत्या. तेवढ्यात एक बैलवाला धापा टाकत आला.

"अक्का, घाट ढासळला!"

सूप हातातच राहिलं. "माणसं?"

"सुखरूप आहेत. बैलही. पण वाट उरली नाही. नवी व्हायला वर्षं जातील."

अक्कांनी त्याला गूळपाणी दिलं आणि उरलेले कुळीथ पाखडून घेतले.

पेठेतल्या वरच्या आळीला पाणी नव्हतं. बायका दरीतून हंडे चढवून आणत. त्यांनी पोटाला चिमटा काढून विहिरीसाठी पुंजी साठवली होती आणि ती अक्कांकडे ठेवली होती. अक्का ती कर्जाऊ देत, वाढवत. आता विहिरीचं खोदकाम सुरू झालं होतं.

दुपारी त्या आळीची म्हातारी आली. "अक्का, पाथरवट मजुरी मागतायत. आमची ठेव बुडाली म्हणतात. खरं का हो?"

"कोण म्हणतं? एकाला दिलंय थोडंच? मीठवाला आहे, तेलवाला आहे, सुपारीवाला आहे. एकाचं अडलं तर दुसरा देईल. आणि सगळे पारखलेले आहेत."

ते खरंच होतं. अक्कांचे यजमान कर्ज मागणाऱ्याचा चेहरा पाहत नसत. त्याच्या बैलाचा खांदा पाहत. खांदा सोललेला दिसला, की माणूस रिकाम्या हातानं परत. मुक्या जनावराला जपणारा दिलेला शब्दही जपेल, असा त्यांचा हिशेब होता. यजमान गेले. अक्कांनी त्यांची रीत तशीच ठेवली. तिच्यात काही बदलावं, असं त्यांच्या मनातच येत नसे. आणि त्या रीतीनं आजवर कुणी बुडवलंही नव्हतं.

मागे एक कोष्टीण नव्या मागासाठी कर्ज मागायला आली होती. "बैल कुठाय तुझा?" अक्कांनी विचारलं.

"बैल कुठला हो कोष्ट्याच्या घरी? सासूचा खांदा दाखवू का? मऊ आहे बघा, कधी काम केलं नाही तिनं!"

अक्का पोट धरून हसल्या. पण कर्ज दिलं नाही. कुंभारालाही नाही, रंगाऱ्यालाही नाही.

म्हातारी ओसरीवर बसलेली असतानाच मीठवाला आला. मागोमाग तेलवाला, मग सुपारीवाला. तिघांच्याही माना खाली होत्या.

"अक्का, बुडवणार नाही," तेलवाला म्हणाला. "पण आत्ता कुठून देऊ? माल सगळा घाटाखाली पडलाय."

"तुझाही खालीच?" त्यांनी सुपारीवाल्याला विचारलं.

"सगळ्यांचाच, अक्का. बैल चढतात ते त्याच वाटेनं."

अक्का अंगणात उभ्या असलेल्या त्या तिघांच्या बैलांकडे बघत राहिल्या. एकाच्याही खांद्यावर वळ नव्हता. बैल असलेल्यालाच कर्ज द्यायचं, म्हणजे घाट चढणाऱ्यालाच द्यायचं, हे त्यांना आज दिसलं. घरात बसून विणणारे, घडवणारे, रंगवणारे त्यांच्या रीतीनं दारातूनच परत गेले होते.

त्यांनी हातातल्या पाटल्या उतरवून म्हातारीपुढे ठेवल्या. "पाथरवटांच्या झालेल्या कामाचं यातून भागेल."

"आणि पुढचं?"

अक्कांनी घाटाच्या दिशेनं बोट केलं.

काही वर्षांनी नवी वाट झाली. तिघांनीही पैसे आणून दिले, व्याजासकट. एकानंही शब्द मोडला नाही. अक्का ती थैली घेऊन वरच्या आळीत गेल्या. तिथे दारांना कड्या घातलेल्या होत्या. माणसं केव्हाच पाण्याजवळ राहायला गेली होती.

मंडळी, एकेका माणसाला पारखून भागत नाही. ती सगळी मिळून कोणत्या एका वाटेवर अवलंबून आहेत, तेही पाहावं लागतं.

ती विहीर अर्धीच राहिली.