कण्हेरीच्या फुलांचा न्याय

पूर्वी गोदावरीकाठी पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने अमात्यकुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुनेत्र. जुने न्यायामात्य म्हातारपणामुळे घरी बसले, तेव्हा राजाने त्यांच्या जागी त्याला नेमले, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर आले वैद्य वरुणदत्ताचे प्रकरण.

मंदारा नावाची एक तरुण विणकरीण आपल्या आजारी आईला घेऊन या वैद्याकडे गेली होती. त्याने म्हातारीला काढा देऊन ओसरीवर निजवले, औषध समजावून सांगतो म्हणून मुलीला आत बोलावले, दार लावले आणि तिच्यावर बळजबरी केली. गुन्हा शाबीत झाला होता. आता ठरायचे होते ते एवढेच, की बंदिवास किती वर्षांचा.

आणि इथेच पोतनची एक गंमत होती. गंमत कसली, घोळच तो! राजाच्या पणजोबांनी एक चाल घालून दिली होती. शिक्षा सुनावण्यापूर्वी गुन्हेगाराच्या ओळखीच्या लोकांनी यावे, त्याचा एकेक गुण सांगावा आणि परडीत कण्हेरीचे एक फूल टाकावे. एका फुलामागे दोन वर्षे कमी. भुकेपोटी कणसे चोरणाऱ्या एखाद्या गरिबासाठी ही चाल चांगलीच होती. पण गरिबाच्या ओळखी किती असणार? फुलांचे ढीग पडत ते मोठ्या माणसांसाठीच. खरे तर परड्या दोन होत्या. दुसरी होती गुन्हा ज्याने वाढतो अशा गोष्टींसाठी. पण तीत फूल पडलेले कुणी पाहिले नव्हते, म्हणून द्वारपाल तीत आपली पाने-सुपारी ठेवी.

त्या सकाळी मंदारा आपल्या उत्पला मावशीचा हात धरून सभेत आली आणि दारातच थबकली. वैद्याची माणसे दारापासून रस्त्यापर्यंत उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात कण्हेर. बाहेर रिकामा मेणासुद्धा आणून ठेवला होता, त्याला घरी न्यायला! त्याचे घर तिच्याच गल्लीत होते. तो आज सुटला, तर उद्या पाण्याला जाताना तो ओसरीवर बसलेला दिसणार होता.

“नगरातली सगळी कण्हेर बोडकी केलीय मेल्यांनी,” मावशी पुटपुटली.

पहिले पुढे आले नगरातले बडे व्यापारी, श्रेष्ठी मणिचूड. पोट सावरत, घसा खाकरत त्यांनी वैद्याच्या सचोटीचे वर्णन सुरू केले. आमच्या लेकीसुना त्यांच्याकडे आम्ही डोळे झाकून पाठवतो, म्हणाले.

सुनेत्राने अगदी आदराने विचारले, की सोबत कुणी जाते का? छे, गरजच काय, असे श्रेष्ठी म्हणाले. वैद्याने दार लावून घेतले, तर कुणी काही विचारते का? श्रेष्ठींना हसू आले. अहो, असल्या माणसाला कोण विचारणार!

“म्हणजे हा विश्वास नसता, तर मंदारा त्या दाराच्या आत एकटी गेलीच नसती,” सुनेत्र म्हणाला. “श्रेष्ठी, फूल मोलाचं आणलंत. पण ते या परडीतलं नाही.”

त्याने द्वारपालाकडे पाहिले. द्वारपालाने गडबडीने पाने-सुपारी कनवटीला लावली आणि दुसरी परडी पुढे केली. श्रेष्ठींचे फूल तीत पडले. मंदाराने कित्येक दिवसांनी मान वर केली.

मग आला वैद्यसंघाचा प्रमुख. तो म्हणाला, वरुणदत्तांचा दरारा असा, की नगरात त्यांच्या शब्दाला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. सुनेत्राने विचारले, विणकरणीची होईल का? प्रमुख आपले फूल आपणच दुसऱ्या परडीत टाकून निघून गेला. तिसऱ्याने सांगितले, की यांनी राजाचा हत्ती बरा केला. सुनेत्र म्हणाला, ते खरे आहे, त्याबद्दल हत्तीने आभार मानावेत, पण या गुन्ह्याशी हत्तीचा संबंध नाही. ते फूल कुठल्याच परडीत पडले नाही.

एवढे झाल्यावर रांगेने काढता पाय घेतला. एकाला देवपूजा आठवली. दुसऱ्याने फूल हळूच स्वतःच्या कानावर खोचले, जणू ते त्यासाठीच आणले होते. मावशीने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हसण्याने गदगदत होते, आणि ते पाहून मंदारालाही हसू फुटले. त्या काळोख्या दिवसांनंतरचे ते पहिले हसू.

शेवटी राहिला वैद्याचा धाकटा भाऊ. मान खाली घालून तो म्हणाला, “दादाचे गुण मी सांगत नाही. राजाचे शिपाई आले, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला. तिच्यावर उलट आळ घेतला नाही. एवढंच.”

सुनेत्राने मंदाराला विचारले, की हे खरे आहे का.

मावशीने तिचा हात दाबला. नाही म्हण, असे त्या हाताने स्वच्छ सांगितले. मंदाराला मोह झालाच. पण भरल्या सभेत सगळे पुन्हा पुन्हा सांगण्याची पाळी तिच्यावर आली नव्हती, आणि ती कशामुळे आली नाही, हे तिला ठाऊक होते.

“खरं आहे,” ती म्हणाली.

ते एक फूल पहिल्या परडीत पडले.

इतका वेळ राजा ऐकत होता आणि तापत होता. आता तो ताडकन उठला आणि त्याने वैद्याला नदीत बुडवण्याचा हुकूम सोडला.

“महाराज,” सुनेत्र शांतपणे म्हणाला, “सकाळी आपण फुलं मोजून याला घरी पाठवणार होतात, आता बुडवायला निघालात. गुन्हा तर सकाळपासून तेवढाच आहे.”

राजा वरमला आणि खाली बसला.

मग सुनेत्र मंदाराकडे वळला. “शिक्षा किती, हे मी तुला विचारणार नाही. ते ओझं माझं आहे. तुझं काय गेलं, तेवढं सांगशील?”

मंदारा म्हणाली, “मागावर बसले, की मी गायची. आता वाटेवर कुणाचं पाऊल वाजलं, तरी धोटा हातातून पडतो. आई आजारीच आहे. पण कुठल्या वैद्याच्या दारात जायला माझा पाय उचलत नाही.”

नगरात वैद्याचे एवढे गुणगान झाले होते, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. हत्ती बरा करणाऱ्याची कथा सांगणारा मान फिरवून डोळे पुसू लागला.

सुनेत्राने निकाल दिला. अशा गुन्ह्याला मूळ बंदिवास बारा वर्षांचा. विश्वासाचा आणि दराऱ्याचा वापर केला म्हणून चार वाढले, कबुलीचे दोन कमी झाले. चौदा वर्षे. त्यानंतरही त्याने त्या गल्लीत राहायचे नाही, आणि बायकामुलींवर उपचार कधीच करायचे नाहीत. मंदाराच्या आईसाठी राजाने अंतःपुरातली वृद्ध वैदीण घरी पाठवावी. आणि यापुढे फुलांची मोजदाद बंद. प्रत्येक फूल कुठले, ते आधी विचारायचे.

मेणा रिकामाच परत गेला. मावशी मात्र वाटभर कुरकुरत राहिली, की चौदाचे सोळा झाले असते, तू नाही म्हटलं असतंस तर.

“झाले असते,” मंदारा म्हणाली, “पण मग ते माझ्या खोट्याचे झाले असते. हे चौदा त्याचे आहेत.”

ही कथा समोरच्या भिक्षु-भिक्षुणींना सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांची सांगड घातली. त्या वेळचा सुबाहू राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. मंदारा म्हणजे समोर बसलेली ती थेरी, ती ज्येष्ठ भिक्षुणी, आणि तिच्या शेजारी अजून कुरकुरते आहे ती उत्पला मावशी. न्यायामात्य सुनेत्र तो मीच. वैद्याचे नाव त्यांनी घेतले नाही. त्याचा रस्ता अजून संपलेला नाही, एवढेच म्हणाले.

एका भिक्षूने विचारले, “भगवन्, आणि ती फुले आणणारी माणसे?”

शास्ते हसले. “ती प्रत्येक जन्मी पुष्कळ असतात. आपण त्यांच्यात आहोत का, हे ज्याचं त्याने पाहावं. थोरवीने दिपून न जाता, रागाने पेटून न उठता, जिचं नुकसान झालं तिच्याकडे आधी पाहणं, याला प्रज्ञा म्हणतात.”