शमशेरच्या तोंडाचा वास

शमशेरच्या तोंडाला असा वास सुटला की दरबारी मंडळी नाकाला शेला लावून मुजरा करू लागली. शमशेर म्हणजे तांबुळगडच्या रणधवल राजाचा लाडका शिकारी कुत्रा. त्याच्या दातांवर पिवळं कीटण चढलं होतं, हिरड्या सुजल्या होत्या आणि हाड चावलं की रक्त यायचं. राजवैद्य तपासायला गेले नि अंगठा बांधून परत आले. मग त्यांनी चार हात लांबूनच निदान केलं, "दृष्ट लागली आहे." उंटावरचा शहाणा, दुसरं काय!

राजानं खापर फोडलं ते कुत्री सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सटवाजीवर.

"याचे दात साफ झाले पाहिजेत," राजा गरजला. "तोंडात हात घातला तरी शमशेर ज्याला चावणार नाही, असा माणूस उद्या दरबारात हजर कर. नाहीतर लेकीला घेऊन राज्याबाहेर चालता हो."

सटवाजीनं घरी येऊन डोक्याला हात लावला. "हौसा, माझे दोन्ही हात त्यानं फोडलेत. आता असा माणूस आणू कुठनं?"

"आबा, उगं जिवाला लावून घेऊ नका," हौसा म्हणाली. मनातून मात्र ती संतापली होती. राजा शमशेरला रोज पेढे चारतो, हे गडावरच्या चिमणीलाही ठाऊक होतं. पण दरबारातल्या एकाही पगडीची ते बोलायची छाती नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, हाच तिथला न्याय!

दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर दरबारात उभी राहिली.

"माणूस कुठाय?" राजानं विचारलं.

"हाय की महाराज, पण त्यो पेढ्याबिगर कामाला लागत न्हाई."

"हावरट दिसतोय!" राजवैद्य फिसकन हसले.

"लई हावरट न्हाई, पण लाडावलेला हाय," हौसा म्हणाली. पेढ्यांचं ताट आलं. "महाराज, एक पेढा शमशेरला द्या."

राजानं पेढा पुढं केला. शमशेरनं आ वासला आणि राजाची बोटं थेट दाढांपर्यंत गेली. कुत्रा शेपूट हलवत राहिला.

"घ्या, माणूस हजर हाय," हौसा म्हणाली आणि तिनं ओलं फडकं राजापुढं धरलं. "ज्या हातानं दात किडवले, त्योच हात आता घासंल. पेढे बंद, अन् रोज दातांवरनं, हिरड्यांवरनं हे फडकं हलकं फिरवायचं."

सटवाजीनं डोळेच मिटून घेतले.

"राजानं कुत्र्याचे दात घासायचे?" रणधवल गुरगुरला.

"पेढं चारताना राजेपण कुठं आडवं आलं हुतं, महाराज?"

राजा पोट धरून हसत सुटला. त्यानं फडकं बोटाला गुंडाळलं, सटवाजीची चाकरी कायम केली, हातातलं सोन्याचं कडं हौसाला दिलं आणि पेढ्यांचं ताटही तिच्याच घरी पाठवलं.