मानेवरचा देव

"मग देवाचा चेहरा मला कधी देणार, बाबा?"

झुवा पाथरवट खडकाला पाठ टेकून, डोळे मिटून बसला होता. हित्ती लोकांच्या देशात देव म्हणे हजार, आणि तेवढ्यावर भागलं नाही की शेजाऱ्यांचे उसने आणत. ते कोरता कोरता म्हातारा पार शिणला होता.

पियामा त्याचा शिष्य. त्याने कोरलेल्या बैलापुढे खरी गाय येऊन हंबरायची, असं गावकरी शपथेवर सांगत. पियामाही नाही म्हणत नसे.

खडकावर वादळदेव उभा होता, चेहरा अजून कोरा. पाय दोन पर्वतदेवांच्या मानेवर. पर्वतांची तोंडं जमली तर देवाचा चेहरा तुझा, असं ठरलं होतं. पियामा कोळशाने तोंडं काढी, झुवा ओल्या फडक्याने पुसून टाकी.

"लाजलेले काढले, पुसलेत. भ्यायलेले काढले, तेही पुसलेत. मानेवर पाय पडल्यावर आणखी काय वाटणार त्यांना?" पियामाने झोळी उचलली. "मी चाललो दुसऱ्या पाथरवटाकडे."

"जा बाबा... जाताना जरा वाक. मुकुटाचं टोक राहिलंय, शिडी आणायचं त्राण नाही."

पियामा धुसफुसत वाकला. म्हातारा त्याच्या मानेवर चढला.

टक्... टक्... टक्...

ऊन माथ्यावर आलं. पियामाच्या नाकासमोर पर्वताचं पुसलेलं तोंड होतं.

"उतरा की हो आता!"

"लाज वाटतेय?"

"कसली लाज! मान मोडली माझी."

"भ्यालास?"

"भ्यायचंय काय? हललो तर तुम्ही पडाल. हाडं मलाच गोळा करावी लागतील."

"मग पाड की. तुला जायचंच आहे ना?"

पियामाने पाय आणखी फाकवून जमिनीत रोवले.

टक्... टक्...

नुसता दमलेला श्वास ऐकू येत होता. कुणाचा, ते सांगणं कठीण.

"बाबा... झाला का मुकुट?"

"तो कालच झालाय. हलू नकोस... काढ आता पर्वताचं तोंड."